एकतीस तारखेची गोळी

आमगावहून सालेकसा रस्त्याला लागलं की शेवटची राईस मिल संपते, तिथे डाव्या हाताला टिनाच्या छपराची एक लांबोडी इमारत आहे. दारावर संस्थेचं नाव मोठ्या झोकात रंगवलेलं. पण ते नाव घेऊन रिक्षावाल्याला विचाराल तर तो डोकं खाजवणार. 'येड्यायची शाळा' म्हणा, झटकन नेऊन सोडतो. प्रेमिला मेश्राम या शाळेत पहिल्या दिवसापासून, म्हणजे १९९९ च्या जूनपासून मास्तरीण. सुरुवातीला हा शब्द कानावर पडला की ती रिक्षा थांबवून भांडायची. पुढे भांडणं सोडलं. किती जणांची तोंडं धरणार?

खरं सांगायचं तर तिलाही या शाळेत काही हौसेनं यायचं नव्हतं. बोदलकसाच्या अंगाला तिचं गाव. बाप हिरालाल लोकांच्या धानाच्या बांधीत राबायचा आणि पोरीनं मास्तरीण व्हावं एवढं एकच वेड डोक्यात घेऊन बसायचा. डी.एड.ला नंबर लागला नाही. नागपूरला मतिमंद मुलांना शिकवण्याच्या डिप्लोमाची एक जागा रिकामी होती, फॉर्म भरला, लागली. आई कुसुमबाईनं कपाळावर हात मारला होता, "चांगल्या पोरायले शिकवाची अक्कल नाही का व तुले?"

पण अक्कल होती. कोणाला बटण लावायला शिकवायला सहा महिने लागोत की साल लागो, प्रेमिला चिवट. हाताची मायाळू आणि तोंडाची फटकळ. पोरांना रागे भरायची आणि त्याच दमात नाक पुसायची. आईबाप म्हणायचे, मॅडम आहे म्हणून आमचं पोर माणसात आहे. ते खोटं नव्हतं. तेच तर दुःख आहे, पण ते पुढे येईल.

या शाळेत एक जानेवारीला नुसतं नवीन साल नसायचं. तो वाढदिवस असायचा, तोही एकाचा नाही, नऊ-दहा जणांचा एकदम. त्याचं असं, की पोराला दाखल करायला आलेल्या आईबापाला जन्मतारीख विचारली की उत्तर यायचं, "धान निसवत होता तवा झाली जी." नाहीतर, "मोठा पूर आलता, त्या साली." आता पुराची तारीख रजिस्टरात कशी लिहिणार? प्रेमिला पोराचे दात बघायची, उंची बघायची, अंदाजानं साल ठोकायची आणि तारखेच्या रकान्यात एक जानेवारी. असं करता करता अर्धा वर्ग एकाच दिवशी जन्मला. मग तिनंच डोकं चालवलं, की तारीख आपण दिली आहे तर वाढदिवसही आपणच करू. तेव्हापासून त्या दिवशी गोंदियाहून केक यायचा, गावातून गरम जिलबी यायची, कागदाच्या टोप्या, फुगे, आणि छप्पर उडेल असा 'हॅपी न्यू इयर'चा कल्ला.

एवढ्या आनंदाच्या दिवसाची प्रेमिलाला मात्र भीती वाटायची. डिसेंबर लागला की तिची झोप जायची. वर्गात कोणी कागद फाडला, साधा वहीचा जरी, तरी ती दचकून खिडकीकडे बघायची. तिच्या वर्गात रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असायचं, ते तिनं २००३ साली काढून टाकलं आणि पुन्हा लावू दिलं नाही. कारण विचारलं तर म्हणायची, पोरं कचरा करतात.

आणि एक साक्षी होती. साक्षी कोणाच्या डोळ्याला डोळा द्यायची नाही, बोलायची मोजकं, पण एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून हलायचं नाही. जिलबी वाटायचं काम तिचं. पहिल्या चटईपासून सुरू करायची, एकेकाचं नाव घेत जायची, आणि सगळ्यांचं झालं की खिडकीखालच्या रिकाम्या चटईवर कागद ठेवून त्यावर एक जिलबी ठेवायची.

"चमेलीची."

"साक्षी, चमेली नाही ना आता," एका वर्षी प्रेमिला म्हणाली.

"चमेली गावले गेली. येते."

त्या वर्षी प्रेमिलानं चिडून तो कागद उचलला. साक्षीनं स्वतःचं मनगट असं चावलं की रक्त आलं. त्यानंतर कोणी त्या जिलबीला हात लावला नाही. संध्याकाळी शिपाई उदाराम ती गाईला घालायचा, आणि प्रेमिला तोवर तिकडे पाठ करून बसायची. भूतबित मानणारं घर तिचं नाही. आजोबांनी छप्पन्न साली देव नदीत सोडले, तिथे भुतांना कोण पुसतो! पण न मानल्यानं येणारं थोडंच थांबतं? गाण्याच्या मधल्या फटीत तिला ते हसू ऐकू यायचं, उचकी लागल्यासारखं, 'हुक्क, हुक्क'. लाल रिबिनीची आखूड वेणी खिडकीशी हलल्यासारखी वाटायची. मग ती आणखी जोरात टाळ्या पिटायची.

चमेली पतिराम उईके, मु. कोसमटोला, ता. सालेकसा. कचारगडच्या डोंगराकडचं जंगलातलं गाव. बाप दोन हजार साली तिला सायकलच्या कॅरिअरवर बांधून घेऊन आला होता. बांधून अशासाठी, की रस्त्यात कधीही मिरगी यायची आणि पोर खाली पडायची. शाळेत दहा पोरांची राहायची सोय होती, तिथे ती राहिली. शिबिरात गोंदियाच्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली, रोज एक. त्यांनी प्रेमिलाला दोनदा बजावलं होतं, "गोळी वर्षानुवर्षं चालेल. आणि एकदम कधीही बंद करायची नाही. एकदम बंद केली तर झटके दुप्पट जोरानं येतात." गोळीनं जादू झाली. झटके थांबले, पोरगी हसायला लागली. सकाळी वर्गात कॅलेंडरचं पान फाडायचं काम तिच्याकडे होतं. टर्रकन पान फाडायची, ते डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवायची आणि 'हुक्क, हुक्क' करत जागेवर जायची.

२००२ च्या दिवाळीच्या तोंडावर पतिराम तिला न्यायला आला. म्हणाला, धान कापणी आहे, घरवालीचे हात पुरत नाहीत, पोरगी कोंबड्या राखते, साल सरेपर्यंत राहू द्या. प्रेमिला तयार झाली, पण गोळ्यांचं काय? नवराबायको दोघांनाही अक्षरओळख नाही. गोळ्यांची पत्ती हातात दिली तर एक दिवस तीन आणि तीन दिवस शून्य, हे तिनं दुसऱ्या घरांत पाहिलेलं. मग तिनं वर्गातलं कॅलेंडरच खाली काढलं. नोव्हेंबरच्या एक तारखेपासून डिसेंबरच्या एकतीसपर्यंत एकसष्ट पानं. प्रत्येक पानाच्या मागे कागदाच्या पुडीत एक गोळी, स्टेपलरनं पक्की.

"रोज सकाळी एक पान फाडायचं, मागची गोळी खायची," तिनं चमेलीला आणि बापाला एकदमच सांगितलं. "पानं संपली की साल संपला. साल संपला की शाळेत यायचं, केक कापायचा. काय?"

"हुक्क," चमेली म्हणाली.

इथवर कोणीही तिची पाठ थोपटली असती. पुढचं ऐका. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या गोळ्या दिल्या होत्या. एकसष्ट लावल्यावर हातात एकोणतीस उरल्या. त्या प्रेमिलानं पाकिटात घालून कपाटात ठेवल्या. मुद्दाम ठेवल्या. या लोकांच्या हातात गोळ्या असल्या की पोर होळीपर्यंत घरी ठेवतात, हा तिचा अनुभव. आणि एक जानेवारीला अनुदानाची तपासणी लागली होती. साहेब येणार, रजिस्टरातलं एकेक डोकं मोजणार. गोळ्या राखल्या तर बाप पोरगी घेऊन येणारच, असा तिचा हिशेब. आणि गोळ्या पुढेही चालू ठेवायच्या आहेत, हे पतिरामला सांगायचं? सांगितलं नाही. विसरली म्हणावं तर विसरली नव्हती. सांगितलं असतं तर त्यानं उरलेल्या मागितल्या असत्या.

एक जानेवारीला चमेली आली नाही. साहेब आले, केक कापला, फोटो झाले. प्रेमिलानं दोनदा फाटकाकडे पाहिलं. उद्या येईल, म्हणाली. दोन तारखेलाही तेच म्हणाली. तीन तारखेला उदारामला गोळ्या देऊन कोसमटोल्याला पाठवावं असं मनात आलं, पण तपासणीचे कागद गोंदियाला पोहोचवायचे होते, उदाराम तिकडे गेला. वीस तारखेला सालेकसाच्या बाजारातून तोच बातमी घेऊन आला, "मॅडमजी, आपली चमेली गेली. सहा तारखेले. झटके थांबलेच नाही म्हणते."

प्रेमिलानं त्या रात्री पाकीट संडासात रिकामं केलं. रजिस्टरात लिहिलं, 'घरी आजारपणाने मृत्यू.' कोणाला एक शब्द बोलली नाही. आणि सगळ्यात मोठं पाप म्हणजे त्या आईबापाला भेटायला गेली नाही. सहा वर्षं. सालेकसाला लग्नाकार्याला गेली, पण त्या डोंगराकडे मान वळवली नाही.

२००८ संपता संपता देवेंद्र नावाचा नवीन शिक्षक आला. उत्साही माणूस. त्याच्या डोक्यात आलं, की पोरांनी स्वतःच्या हातानं नवीन सालाची कार्डं करून आपापल्या घरी टपालानं पाठवावीत, पालकांना कार्यक्रमाला बोलवावं. कल्पना झकास. पोरांनी अंगठ्याचे ठसे उठवले, मोहाची पानं चिकटवली, कार्डं दोन-चार जास्तच झाली. पत्ते लिहायला देवेंद्र बसला तेव्हा रजिस्टर क्लार्ककडे कुलपात होतं. पण साक्षी आहे की! सगळ्यांचे पत्ते तिला तोंडपाठ. ती सांगत गेली, हा लिहीत गेला. तेवीस पत्ते झाले. वर्गात पोरं बावीस, हे त्या बापड्याला मोजायचं सुचलं नाही. आणि चमेली कोण हे त्याला कुठून माहीत असणार?

एक जानेवारीला दहा वाजता टोप्या घालून पोरं बसली होती, जिलबी वाटून झाली होती. केकवर सुरी ठेवायची तेवढी बाकी होती, तेव्हा दारात एक माणूस येऊन उभा राहिला. धुतलेला सदरा, खांद्यावर दुपट्टा, दोन्ही हातांत ते कार्ड. प्रेमिलानं त्याला ओळखलं आणि हातातली सुरी खाली ठेवली.

पण सगळ्यात आधी बोलली ती साक्षी. "चमेलीचे बाबा."

ती उठली, खिडकीखालच्या चटईवरची जिलबी कागदासकट उचलली आणि त्याच्या पुढे धरली. "चमेलीची. घ्या."

पतिरामनं दोन्ही हात पुढे करून ती घेतली. त्या चटईवर जाऊन बसला. प्रसाद खावा तशी हळूहळू जिलबी खाल्ली, बोटं दुपट्ट्याला पुसली. पोरांनी गाणं म्हटलं, केक कापला, फुगे फोडले. तो सगळं बघत होता. प्रेमिला टाळ्या वाजवत होती आणि मनात म्हणत होती, आता हा उठणार, आता सगळ्यांसमोर बोट दाखवणार. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात येऊन बसलं आहे. 

पोरं खिचडी खायला पडवीत गेली, देवेंद्र त्यांच्यामागे गेला. वर्गात दोघंच राहिले.

"चिठ्ठी आली जी," पतिराम म्हणाला. "सरपंचाच्या पोरानं वाचून देल्ली. चमेलीचा नाव होता. पह्यले म्हटलो, कोणी भुललं असन. मंग म्हटलो, नाही, बलावणा आला त आता जाऊनच पुसतो. सहा साल झाले, पुसाची हिंमत नाही होये."

"काय पुसता, पतिरामभाऊ?"

त्यानं खिशातून राशन कार्डाची प्लास्टिकची पिशवी काढली. तिच्यातून घडी केलेलं एक पान काढून चटईवर उलगडलं. ३१, मंगळवार. मागे स्टेपलरची गंजलेली टाचणी आणि कागदाची पुडी, न फोडलेली.  ती पुडी तिनंच बांधलेली होती.

"तुमी सांगतलं होतं, पानं सरली का शाळा," तो सांगू लागला. "पोट्टीनं एक दिवस नाही चुकवला. कोंबडा बांगला का उठे, अना कॅलेंडरापाशी उभी राहे. एकतीस तारीख आली. अना खळ्यावर माहा धान पडून होता, चुराले दुसऱ्याचे बैल मांगून आणलो होतो. बैल वापस कराचे होते, मले त येताच येत नव्हता. पान फाडू देल्लो असतो त पोट्टी म्हणती, साल सरला, चाल. डोस्का आपटून घेतली असती. म्हून मी कॅलेंडर काढलो अना वर छपराच्या मयालीत खुपसलो. म्हटलो, 'साल नाही सरला बेटा, एक दिवस आहे आनखी.' दुसऱ्या दिवशी बी तेच. तिसऱ्या दिवशी बी तेच. ते रोज पुसे, 'बाबा, साल सरला?' मी म्हणो, 'नाही सरला.'"

 पडवीतून ताटांचा आवाज येत होता.

"सहा तारखेले सकारी सुरू झालं. थांबेच ना. बैलगाडीत टाकून सालेकस्याले आणत होतो, नाल्यापाशी सरली. अना हे गोळी अशीच राहिली मॅडम. माह्या भावाले टीबी होती तवा नर्सबाई बोंबलून सांगे, एक गोळी चुकली का सारा कोर्स पाण्यात. मले मालूम होता! तरी मी चुकवलो. बैलासाठी चुकवलो. मले येवढाच सांगा, हे एक गोळी देल्लो असतो त पोट्टी वाचली असती का?"

प्रेमिलाला वाटलं होतं, हा माणूस तिचा हिशेब मागायला आला आहे. हा तर स्वतःचाच गुन्हा घेऊन आला होता. तिचा गुन्हा त्याच्या गावीही नव्हता! आणि मन किती हलकट असतं बघा, पहिली गोष्ट तिला वाटली ती सुटकेची.

"नाही भाऊ," ती म्हणाली. "एका गोळीनं काही होत नाही. तुमची काही चूक नाही. तिची वेळ भरली होती."

पतिरामनं मान हलवली. "हेच सारे म्हणतात. आमच्या देवाचा पुजारी, भुमका, तो बी हेच म्हणला. समजवासाठी म्हणतात, मले समजते. घरवाली अनुसया त नाही मानली. म्हणली, 'तूनं तिच्या तोंडची गोळी रोखली.' तवापासून माह्यासंग बोलली नाही. सहा साल. भात वाढते, निंदाले येते, बोलत नाही. तिचा बी बरोबर आहे." त्यानं पानाची घडी घातली, पिशवीत ठेवली. "येतो जी. पोट्टीचा नाव कोणी भुललं नाही, हे बरं वाटलं."

तो उठला. दार चार पावलांवर होतं. प्रेमिलाला तेवढ्या वेळात सगळं दिसलं. शाळेला नुकतंच पूर्ण अनुदान लागलेलं, नोकरी पक्की झालेली. आईचं दुखणं. उद्या हे बाहेर गेलं तर चौकशी, पेपरात नाव, नोकरी जाणार. आणि ज्या आईबापांनी पोरं तिच्या हवाली केली, ते पोरांना हात धरून घेऊन जाणार. आणि दुसऱ्या बाजूला हा माणूस. हा असाच दारातून गेला तर पोरीला आपण मारलं असं म्हणत मरणार. तेव्हासारखी तेवीस वर्षांची असती तर ती गप्प बसली असती. बसलीच होती की! पण आता तिच्यानं होईना.

"थांबा पतिरामभाऊ. मी अर्धंच सांगितलं तुम्हाला."

तो वळला.

"तो कोर्स नव्हता. ती गोळी पुढेही रोज द्यायची होती, वर्षानुवर्षं. एकदम बंद झाली की झटके येतात, डॉक्टरनं मला सांगितलं होतं. तुम्ही ती एक दिली असती तरी दुसऱ्या दिवसापासून गोळी नव्हतीच. माझ्याजवळ एकोणतीस गोळ्या होत्या. मी दिल्या नाहीत. तुम्ही पोरीला एक तारखेला आणावं म्हणून मी त्या राखून ठेवल्या. साहेब येणार होते, मला पोरं पुरी दाखवायची होती. आणि तुम्हाला सांगितलंही नाही. तुमच्यानं नाही भाऊ, पोरगी माझ्यानं गेली."

ती रडली नाही. रडायचा हक्क आपला नाही, एवढं तिला कळत होतं.

पतिराम दारातून परत आत आला. मग म्हणाला, "म्हणजे गोळ्या होत्या."

"होत्या."

"इथंच?"

तिनं कपाटाकडे बोट केलं. तो कपाटापाशी गेला. उघडलं नाही. त्याच्या पत्र्याला तळहात लावून उभा राहिला. त्यानं शिवी द्यावी, हात उगारावा, असं प्रेमिलाला मनापासून वाटत होतं. त्यानं यातलं काही केलं नाही.

"चाला," तो म्हणाला.

"कुठे?"

"माह्या घरी. हे जे मले सांगतलं, ते तिले सांगा. मी सांगतलो त ते म्हणन, आपली चूक दुसऱ्यावर ढकलून राहिला. तुमी सांगा. तुमच्या तोंडानं."

दुपारच्या पॅसेंजरनं दोघं सालेकसाला उतरले. गाडीत समोरासमोर बसले होते. प्रेमिला मनात वाक्यं जुळवत होती. कुठून सुरू करावं, आधी माफी मागावी की आधी सांगावं. एकही वाक्य धड बसेना. स्टेशनाबाहेर त्याची सायकल होती. तो ती हातानं ढकलत पुढे, ही मागे. दीड तास चालले. तिच्या मनात आलं, नाला कुठला ते विचारावं. एक नाला आला तिथे पतिराम आपणहून क्षणभर थांबला आणि मग पुढे चालू लागला. विचारायची गरज राहिली नाही.

कोसमटोल्याला पोहोचले तेव्हा उन्हं कलली होती. अनुसयाबाई अंगणात सुपानं धान पाखडत होती. वाळकी, काटक बाई. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही. मॅडमकडे पाहिलं, ओळखलं, आणि सूप चालूच ठेवलं.

प्रेमिलानं उभ्या उभ्याच सांगितलं. रस्ताभर जुळवलेलं एक वाक्य कामाला आलं नाही. गोळ्या, साहेब, कपाट, जसं आलं तसं सांगितलं. निम्म्यावर आली तेव्हा सूप थांबलं. शेवटाला आली तेव्हा अनुसयाबाईनं ते खाली ठेवलं होतं. पतिराम अंगणाच्या कडेला कुडाकडे तोंड करून उभा होता.

"म्हणजे हे एक गोळी देल्ली असती, तरी पोट्टी जाती?" अनुसयाबाईनं विचारलं.

"एकीनं वाचली नसती, बाई."

"यानं नाही मारलं."

"नाही. यांनी नाही."

अनुसयाबाई काही वेळ हातावरचा कोंडा झाडत राहिली. झाडून संपला तरी झाडतच होती.

"पोट्टी त गेली," ती म्हणाली. "तिच्यासाठी मी रडली, सारा गाव रडला. पर हा मानूस त घरातच होता ना व बाई! रोज माह्या समोर बसून जेवला, अना मी याले कुत्र्यावानी वाढली. याचा भाऊ मेला तवा बी मी याच्यासंग बोलली नाही. तुमाले मालूम होता, अना तुमी तिकडं गाणे म्हणत होत्या. आता सांगाले आल्या. माहे हे सहा साल कोन वापस देन? तुमी देता?"

  पोरीच्या मरणाचं ओझं प्रेमिला वाहत होती खरी, पण ही दोन माणसं एका घरात इतकी वर्षं मुकी राहिली, हे तिच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं.

कुडाकडे पतिरामचे खांदे हलत होते. अनुसयाबाई उठून त्याच्याजवळ गेली.  सहा वर्षांत जीभ विसरते. दोनदा पदर सारखा केला. मग अगदी हळू म्हणाली, "सकारचा उपाशी असशीन ना गा?"

पतिराम खाली बसला आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडायला लागला. ती त्याच्याजवळ मातीत बसली, हात धरला नाही, नुसती बसली. शेजारणी कुडावरून डोकावल्या आणि काय झालं ते न कळून तशाच राहिल्या.

प्रेमिला अंगणाच्या मध्यावर उभीच होती. तिला कोणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही.